ढगात शिरावं की चहाला थांबावं

इंदापूर तालुक्यात विमान दिसलं म्हणून कौतुकानं वर बघणारा माणूस नक्की पाहुणा असतो. आमच्याकडची माणसं वर बघतात ती परीक्षकाच्या नजरेनं. उसाला पाणी चाललेलं असतं. खोरं खांद्यावर टाकून गडी मान वर करतो, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरतो आणि निकाल देतो, "नवं पोरगं दिसतंय. वळताना लय खाली आलं." मग खाली वाकून पुढच्या सरीचं दार मोडतो. निकालावर अपील नाही.

बारामतीच्या एमआयडीसीलगतच्या धावपट्टीवरनं शिकाऊ विमानं वर्षानुवर्षं उठताहेत. कार्व्हर आणि रेडबर्ड ही दोन नावं इथल्या शेतकऱ्याला खतांच्या कंपन्यांइतकी पाठ आहेत. देशभरातली पोरं इथं येऊन खोल्या घेऊन राहतात, मेसच्या भाजीला नावं ठेवतात आणि काटफळ-गोजुबावीच्या डोक्यावर घिरट्या घालतात. त्यांच्यामुळे आमच्या बोलण्यात सर्किट, सोलो, क्रॉस कंट्री, टच अँड गो असे शब्द शिरले. परवा भिगवणच्या एका हॉटेलात गिऱ्हाईक येऊन, बसून, भाव विचारून, काही न मागवता उठून गेलं. वेटर मालकाला म्हणाला, "टच अँड गो होतं."

ही शाळा इथंच का, याचं कारण आमच्या दुखण्यातच आहे. आम्ही पर्जन्यछायेतले. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मिजाशीत. आभाळ भरून येतं, गडगडतं, सगळे बियाण्याच्या पिशव्या उघडतात आणि ते सोलापूरकडे निघून जातं. जमीन सपाट, हवा कोरडी, बहुतेक दिवस आकाश लख्ख. शेतीला जे नको तेच विमानाला हवं असतं. दुष्काळाचा धंद्यात असा उपयोग करणारे आम्ही बहुधा पहिलेच.

अशा या मुलखात माझ्या भाच्यानं खासगी वैमानिकाचा परवाना काढला आणि घरात एक प्रश्न उभा राहिला, की त्यानं आता इन्स्ट्रुमेंट रेटिंग करावं का? म्हणजे बाहेर काहीही दिसत नसताना, नुसत्या समोरच्या काट्यांवर विमान चालवायचं शिक्षण घ्यावं का? नोकरीसाठी शिकणाऱ्या पोरांना हा प्रश्न पडतच नाही. त्यांना व्यावसायिक परवाना हवा असतो, त्याला दोनशे तास उडावं लागतं, आणि हे रेटिंग नसेल तर विमान कंपनी दारात उभं करत नाही. प्रश्न पडतो तो हौशी माणसाला. खासगी परवान्याला वय सतरा पूर्ण आणि किमान चाळीस तास उड्डाण पुरतं, पण त्यावर एक रुपया कमवता येत नाही. फक्त घालवता येतो. भाच्याचा धंदा ठिबकच्या पाइपांचा, दूध संकलन केंद्र वडिलांचं. उडायचं ते केवळ हौस म्हणून, रविवारी सकाळी, हवा चांगली असताना. असल्या माणसाला ढगात जायची विद्या कशाला?

घरात बैठक बसली. आमच्याकडे लग्न, वाटणी आणि बोअर कुठं घ्यायचं या तीनच विषयांवर एवढी माणसं जमतात.

पहिले बोलले दाजी, म्हणजे भाच्याचे वडील. त्यांनी दर विचारला आणि मनातल्या मनात उसात रूपांतर केलं. आमच्या भागात कोणत्याही रकमेचा अर्थ कळायचा तर ती टनांत मांडावी लागते. "तासाला चार-पाच टन ऊस जातोय की रं," ते म्हणाले. "किती तास?"

"चाळीस," भाचा म्हणाला.

दाजींनी डोळे मिटले. चार एकर ऊस त्यांच्या डोळ्यांसमोरून तोडणीसकट निघून गेला. "आणि शिकून करायचं काय, तर ढगात जायचं! आरं, डोळं दिल्यात की देवानं. दिसत नसंल तर जाऊ नको. फुकटात काम झालं."

खरं सांगायचं तर दाजींचा मुद्दा कायद्यालाही मान्य आहे. हे रेटिंग नसलेल्या वैमानिकानं दृश्य नियमांनी उडायचं असतं. साधारण पाच किलोमीटर पुढचं दिसलं पाहिजे, ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं हजार फूट लांब राहिलं पाहिजे, आणि दिवस मावळला की जवळपास दुकान बंद. नियम साधा आहे. अडचण मोजणीची. ढगाला सातबारा नसतो आणि हद्दीच्या खुणा रोवायला वर कुणी जात नाही. पंचवीस-तीस मैल पलीकडे एक पांढरा पुंजका दिसतो, हा आपल्या बाजूला आहे की त्या, आपल्या वर आहे की समोर, हे ठरेपर्यंत माणूस त्याच्या बांधावर आलेला असतो.

मग आप्पा बोलले. आप्पा म्हणजे माझे वडील, तुकोबांच्या पालखीबरोबर कित्येक वर्षं चाललेले. त्यांनी विचारलं, "डोळ्यांनी जाणं आणि काट्यांनी जाणं, यात फरक काय पण?"

भाच्यानं सांगितलं, "आप्पा, डोळ्यांनी जायचं म्हणजे मी माझा जातो. वाटलं तर उजनीच्या पाण्यावरनं, वाटलं तर कालव्याच्या कडेनं. काट्यांवर जायचं तर आधी सगळा कागद द्यावा लागतो. कुठनं, कुठं, कोणत्या वाटेनं, किती उंचीवर, किती वाजता. मग वरनं परवानगी येते. मधेच वाट सोडायची नाही. पुढच्या-मागच्या विमानात अंतर किती ते कंट्रोलवाले राखतात."

आप्पा हसले. "मग ती वारीच झाली की. बारामती झाली की सणसर, मग बेलवाडीचं रिंगण, मग निमगाव केतकी, मग इंदापूर. मुक्काम ठरलेला, विसावा ठरलेला, दिंडीचा नंबर ठरलेला. चोपदार सांगंल तवा निघायचं, सांगंल तवा थांबायचं. आणि तुझं ते पहिलं म्हणजे आपली आपली मोटारसायकल काढून पंढरपूरला जाणं. पोचतो माणूस तसाबी. पण पालखीत रात्री अंधारातनं, पावसातनंसुद्धा लाखभर माणूस हलतो आणि कुणी कुणाला चेंगरत नाही, ते नंबर असतो म्हणून."

मी गेली काही वर्षं या विषयावर बरंच वाचलंय. एवढ्या थोडक्यात हे मला कुणी सांगितलेलं नाही. फक्त एका ठिकाणी दृष्टान्त पुरत नाही. वारीत चुकलेला माणूस झाडाखाली बसून राहतो आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याला शोधून काढतं. विमानाला झाड नसतं.

दाजींना हे पटलं नाही. "मी धुक्यात ट्रॅक्टर हाणलाय. मागं दोन ट्रेल्या उसानं भरलेल्या. भवानीनगरच्या कारखान्यापत्तूर. काय झालं?"

"धुकं वाढलं तेव्हा काय केलं, दाजी?" मी विचारलं.

"कडंला घेतला आणि चहा पिलो."

ह्या उत्तरात सगळा विषय आला, पण त्या वेळी तो कुणाच्या ध्यानात आला नाही. दाजींचा मूळ भरवसा वेगळ्याच गोष्टीवर होता. आपण सरळ आहोत की कललोय हे माणसाला डोळे मिटूनही कळतं, असं त्यांचं म्हणणं. "पोटातनं कळतं," ते म्हणाले. भाच्यानं वाद घातला नाही. त्यानं त्यांना दूध संकलन केंद्रावर नेलं.

तिथं काट्यामागे एक फिरती खुर्ची आहे. तिच्यावर दाजींना बसवलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि सांगितलं की ज्या बाजूला फिरताय असं वाटेल त्या बाजूला अंगठा दाखवा. भाचा सावकाश, एकाच वेगानं खुर्ची उजवीकडे फिरवू लागला. दाजींचा अंगठा झटक्यात उजवीकडे गेला. चेहऱ्यावर विजय. कॅन घेऊन आलेली चार माणसं दूध विसरून उभी राहिली. पंधरा-वीस सेकंद गेली असतील. अंगठा हळूहळू मधे आला. "थांबवलंस व्हय?" दाजींनी विचारलं. खुर्ची तेवढ्याच वेगानं फिरत होती. कुणीतरी फिदीफिदी हसलं, त्याला दटावून गप्प केलं. मग भाच्यानं खुर्ची खरोखर थांबवली, दोन्ही हातांनी घट्ट धरली. दाजींचा अंगठा ताडकन डावीकडे. "आता उलटं कशाला फिरवतो रं? गरगरतंय मला!" टॉवेल सोडला. दाजींनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मग काट्यावरचा आकडा, मग आमची तोंडं. सगळं जागच्या जागी होतं.

"खुर्चीत दोष आहे," दाजी म्हणाले.

दोष कानात आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. वळायला सुरुवात केली की नळी हलते, पाणी मागे राहतं, आणि त्या फरकावरून मेंदूला वळण कळतं. वळण तसंच चालू राहिलं की थोड्या वेळात पाणीही त्याच वेगानं फिरायला लागतं आणि मेंदूला वाटतं, थांबलो. एरवी डोळे ही चूक क्षणात दुरुस्त करतात, म्हणून आपल्याला ती आयुष्यभर कळत नाही. ढगात डोळ्यांचं काम बंद पडतं. विमान हळूच एका बाजूला कलतं, वळत वळत खाली यायला लागतं, आणि वैमानिकाला वाटतं की आपण सरळच आहोत, फक्त उंची का कमी होतेय कुणास ठाऊक. म्हणून तो दांडा मागे ओढतो. त्यानं विमान वर येत नाही, वळण आणखी आवळतं. आणि समजा त्यानं काटे बघून विमान सरळ केलंच, तर आता कान सांगतो की तू उलट्या बाजूला कललायस. दाजींच्या अंगठ्यासारखं.

यावर अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 1954 साली एक प्रयोग झाला. काट्यांवर उडायचं शिक्षण नसलेले वीस जण घेतले, काही दिसणार नाही अशी सोय केली आणि बघत बसले. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. एकोणीस जण त्या गोल वळणात सापडले, विसाव्यानं नाक इतकं वर केलं की विमानाचा दम सुटला. सरासरी वेळ 178 सेकंद. सगळ्यात लवकर ज्याचा तोल गेला तो विसाव्या सेकंदाला, सगळ्यात चिवट माणूस आठ मिनिटं टिकला. 178 सेकंद म्हणजे तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. तेवढ्यात आमच्याकडे चहा उकळतसुद्धा नाही.

पण त्या प्रयोगाचा उत्तरार्ध कुणी सांगत नाही, आणि हौशी माणसाच्या कामाचा तोच आहे. त्याच लोकांना थोडे तास शिकवलं. पूर्ण विद्या नाही, फक्त एवढंच, की ढगात शिरलास तर घाबरू नको, काटे बघ, हळूच अर्धा वळसा घे आणि आलास तसा माघारी ये. मग पुन्हा परीक्षा घेतली तर जवळपास सगळे सुखरूप बाहेर पडले. वारीत माघारी फिरणं बरं दिसत नाही. विमानात त्याच्याइतकं शहाणपणाचं काम नाही, पण तेही शिकावं लागतं.

काट्यांवरची ही विद्या तशी जुनी आहे. 24 सप्टेंबर 1929 ला न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी स्वतःची बैठक कापडानं पूर्ण झाकून घेतली आणि बाहेरचं काहीही न बघता विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. पुढच्या बैठकीत खबरदारीसाठी बेन केल्सी नावाचे दुसरे वैमानिक होते. त्यांनी दोन्ही हात बाहेर काढून ठेवले होते, म्हणजे खालच्यांना दिसावं की हा काही करत नाहीये. पगार घेऊन आपण काही करत नाही हे जगाला हात वर करून दाखवणारा दुसरा माणूस मला इतिहासात सापडलेला नाही. खात्यात पुष्कळ सापडतात, पण ते लपवतात.

त्याच वर्षी, 10 फेब्रुवारीला, आपल्याकडे जेआरडी टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता, क्रमांक एक. पुढे 15 ऑक्टोबर 1932 ला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते एकाच इंजिनाच्या पस मॉथ विमानातून, रेडिओशिवाय, डोळे आणि नकाशा यांच्या भरवशावर. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलायचा. टाटांच्या विमानांनी चातुर्मास पुण्यात केला, ही गोष्ट पुणेकर अजून सांगत कशी नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. त्या काळातला देशातला सगळ्यात हौशी वैमानिक पावसाशी भांडत बसला नाही. त्यानं गाव बदललं.

इथे एक सांगून ठेवतो. बारामतीच्या धावपट्टीनं दुःखाचे दिवसही पाहिलेत, आणि धुक्या-ढगावर हसत लिहिताना त्यांची आठवण कुणालाही येईल. त्यावर मी लिहिणार नाही. हा लेख विनोदी आहे आणि सगळंच विनोदात बसत नाही. पण 25 जुलै 2022 ची गोष्ट सांगायला हरकत नाही, कारण तिच्यात माणूस वाचला. त्या दिवशी बारामतीहून उडालेलं एक छोटं सेसना आमच्या तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात कोसळलं. आत एकच शिकाऊ वैमानिक, वय बावीस. विमान मोडलं, वैमानिकाला किरकोळ लागलं, गावकरी मदतीला धावले. त्यानंतर कडबनवाडीचा माणूस विमानाविषयी बोलायला लागला की बाकीच्यांनी गप्प बसावं असा तालुक्यात संकेत आहे. तेवढा मान त्यांचा राखलाच पाहिजे.

तर आता भाच्याकडे येऊ. त्यानं आधी नमुना म्हणून काही तास हूड लावून उडून बघितलं. हूड म्हणजे कपाळावर बसणारी लांब झडप, तिच्यातून फक्त समोरचे काटे दिसतात, बाहेरचं काही नाही. शेजारी इन्स्ट्रक्टर सर, त्यांना सगळं दिसतं. त्या छोट्या विमानात समोर सहा गोल तबकड्या असतात. वेग, कल, उंची, वळण, दिशा, आणि चढतोय की उतरतोय ते. नजर एकीवर रेंगाळली की बाकीच्या पाच बिघडतात. भाचा सांगत होता, "मामा, पहिली पाच मिनिटं वाटतं, सोपं आहे. मग नाकाला खाज सुटते. नाक खाजवेपर्यंत दिशा वीस अंश गेलेली असते. ती आणायला जावं तर उंची दोनशे फूट गेलेली. उंची धरावी तर सर म्हणतात, वेग बघ. आणि सगळा वेळ अंग ओरडत असतं की तू डावीकडं पडतोयस. काटा म्हणतो, नाही, सरळ आहेस. सर म्हणतात, काट्याचं ऐक. माझं अंग माझं ऐकत नाही आणि मी अंगाचं ऐकायचं नाही, असा तासभर चालतो तमाशा."

मग सरांनी खिशातून रबराची चकती काढून कल दाखवणाऱ्या तबकडीवर चिकटवली. म्हणाले, "हे बिघडलंय समज." भाच्याला वाटलं, आता बस झालं म्हणतील. त्यांनी दुसरी काढून दिशेच्या तबकडीवर चिकटवली. राहिल्या चारवर विमान सरळ ठेवायचं. परत आला तेव्हा शर्ट पिळून घेण्यासारखा झाला होता. घाम चार-पाच टनांचा होता, हे दाजींनी मोजून सांगितलं.

आता गंमत बघा. खाली आम्ही ढगासाठी तोंड वर करून बसलेलो, वर निरभ्र निळं आकाश, उजनीचं पाणी पलीकडच्या काठापर्यंत चमकतंय, आणि त्या आकाशात आमचं पोरगं कपाळाला झडप बांधून, ढगात अडकल्याचं सोंग करतंय, तासाला एवढे पैसे भरून. इंदापुरात खरा ढग परवडणारा नाही आणि खोट्याचा दर हा असा.

आणि नियम वाचले तर सोंग आणखी लांबतं. रेटिंगसाठी काट्यांवरचे चाळीस तास लागतात, त्यांतले वीसपर्यंत सिम्युलेटरवर, म्हणजे खोलीतल्या खोट्या विमानात चालतात. ("तेवढं आधी उरक," दाजी म्हणाले, "जमिनीवर आहे तर.") उरलेले हूड लावून. म्हणजे ढगात उडायचा अधिकृत शिक्का घेतलेला माणूस आयुष्यात एकदाही ढगात गेलेला नसेल, हे अगदी शक्य आहे. आमच्या पर्जन्यछायेत तर ते जवळपास नक्कीच. त्यानं पहिला खरा ढग बघायचा तो एकट्यानं, एखाद्या जुलैमध्ये, घाटमाथ्याच्या तोंडाशी. पोहण्याचं प्रमाणपत्र असलेला आणि पाण्यात न उतरलेला माणूस नदीला भितो तरी. शिक्का असलेला माणूस भीत नाही, हीच त्यातली खरी धास्ती.

शिवाय तो शिक्का वर्षाचा असतो. दरवर्षी परीक्षा देऊन नवा करायचा. मधल्या काळात सराव राहिला नाही तर कागद ताजा आणि हात शिळे, अशी अवस्था. रविवारी सकाळी तासभर उडणारा हौशी माणूस, ज्याचे अर्धे रविवार लग्नात, साखरपुड्यात आणि सोसायटीच्या निवडणुकीत जातात, तो सराव कधी करणार? विमानही त्या कामाला सजवलेलं हवं, आणि बारामतीची धावपट्टी मुळात "बघा आणि उतरा" या जातीची. काट्यांवरनं धावपट्टीपर्यंत बोट धरून आणणारी यंत्रणा मोठ्या विमानतळांवर असते. म्हणजे रेटिंग घेऊन तुम्ही ढगातून बारामतीवर याल आणि तिथे पोचल्यावर खालचं दिसण्याची वाटच बघाल. चार एकर ऊस जाऊन पुन्हा देवानं दिलेले डोळेच.

यावर आमच्या ताईनं, म्हणजे भाच्याच्या आईनं, पहिल्यांदाच तोंड उघडलं. तिनं विचारलं, "ते माघारी फिरायचं जे आहे, ते किती तासांत येतं?"

"आठ-दहा तासांत हात बसतो म्हणतात," भाचा म्हणाला.

"मग तेवढं शीक. बाकीचं राहू दे."

बैठक संपली. ताईचा निकाल मला पूर्ण मान्य आहे, आणि मी तो सगळ्या हौशी वैमानिकांना लावतो. प्रशिक्षण घ्या. दहा तास हूडखाली घामाघूम व्हा, दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पुन्हा व्हा, आपलं अंग आपल्याला किती बिनदिक्कत फसवतं ते एकदा समक्ष बघा. पण पूर्ण रेटिंग? ज्याला खरोखर गावोगाव विमानानं फिरायचंय, ज्याच्याकडे तसं विमान आहे, आठवड्याला उडायला सवड आहे आणि पैसा मोजायला दुसरा माणूस ठेवलाय, त्यानं जरूर करावं. पालखीत त्याला नंबर मिळेल, जेट विमानांच्या मागे शिस्तीत चालेल, त्यात आनंद आहे. बाकीच्यांनी केवळ भिंतीवर लावायला म्हणून करू नये. भिंतीवर लावायला आमच्याकडे ऊसभूषण पुरस्कार असतात.

आणि ज्यांना उपजतच ही विद्या येते त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नये, हेही सांगतो. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, शेकड्यांनी, गुलाबी पंख घेऊन. लांबचा प्रवास ते बहुतेक रात्रीच करतात. ना कागद, ना परवानगी, ना दरवर्षीची परीक्षा. त्यांच्याबरोबर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब असतात. दाजी दरवर्षी पाहुण्यांना घेऊन होडीतून त्यांना बघायला जातात आणि चिलापीचं कालवण खाऊन येतात. या वर्षी परतताना म्हणाले, "ह्यांचं इन्स्ट्रुमेंट कुठं असतं रं?" मग स्वतःच्याच कानाला हात लावून गप्प झाले.

भाच्यानं दहा तासांचे पैसे भरलेत. दाजींनी त्यासाठी आडसालीचा एक एकर बाजूला लिहून ठेवलाय. हूडखाली अर्धा वळसा घेऊन माघारी येणं त्याला आता जमतं, उंची पन्नास-साठ फुटांच्या वर हलत नाही, असं सर म्हणतात. गेल्या थंडीत एका रविवारी सकाळी तो विमानतळावर पोचला तेव्हा उसाच्या पट्ट्यावर धुई दाटली होती, त्यात कुणीतरी पाचट पेटवलेलं. एमआयडीसीच्या शेडसुद्धा धड दिसत नव्हत्या. हवामानाचा अधिकृत अंदाज हातात होता. त्यानं बाहेरच्या चहावाल्याला विचारलं. चहावाला म्हणाला, "दहापत्तूर न्हाई उठत. बसा." भाचा बसला. दहा वाजून गेल्यावर धुई उठली, पण तोवर त्याला एका बारशाला जायचं होतं.

तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणाकडे खासगी परवाना असेल आणि कधी आमच्या बाजूला येणार असाल, तर दहा तासांचं हे शिक्षण आधी करून या. दिसत नसेल त्या दिवशी येऊ नका, एसटी आहे. आणि कडबनवाडीवरून जाताना जरा उंचावरून जा. खाली वनखात्याची गवताळ सफारी आहे, चिंकारा चरत असतात, आणि गाव वर बघतच असतं.